येडशी : रात्रीचे रस्ते आणि मुका जीव

सोलापूरहून धुळ्याकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग धाराशिव मागे टाकून साधारण २० किलोमीटर पुढे गेला की बालाघाटाच्या डोंगररांगेत येडशी लागते. लातूरहून बार्शीकडे जाणारा रस्ता महामार्गाला येथेच भेटतो. चौरस्त्याचे गाव ही येडशीची ओळख जुनीच आहे. १८९७ साली कुर्डुवाडी ते बार्शी अशी सुरू झालेली अडीच फुटी रुळांची 'बार्शी लाइट' १९११ साली लातूरला पोहोचली, तीही येडशीवरूनच. आमच्या वडिलांच्या पिढीतील व्यापारी त्या गाडीने बार्शीच्या पेठेत जात आणि तिच्या संथपणाच्या गोष्टी पुढे आयुष्यभर सांगत. आता रूळ रुंद झाले, महामार्ग चौपदरी झाला, आणि बहुतेक प्रवाशांना येडशी म्हणजे चहाचा एक थांबा एवढेच ठाऊक असते.

भाविकांची येडशी निराळी आहे. गावालगतच्या रानात, पायऱ्या उतरून गेल्यावर दरीत रामलिंगाचे शिवमंदिर आहे. ओढा त्याला वळसा घालून जातो, पावसाळ्यात कड्यावरून धबधबा कोसळतो आणि वानरांची सेना तर बारमाही असते. सीतेला घेऊन जाणाऱ्या रावणाला जटायूने येथे अडविले, तो घायाळ होऊन येथेच पडला आणि त्याला पाणी पाजण्यासाठी श्रीरामाने बाण मारून झरा काढला, अशी या स्थळाची आख्यायिका आहे. मंदिरासमोर जटायूची समाधी दाखवितात.

आपल्या परंपरेतही जटायू आहे, हे अनेक वाचकांना ठाऊक असेलच. आचार्य रविषेणांच्या पद्मपुराणात दंडकारण्यातील एक गिधाड राम-सीतेने मुनींना दिलेले आहारदान पाहते, त्याला जातिस्मरण होते, मुनींच्या पादप्रक्षालनाच्या जलाने त्याची काया सुवर्णासारखी होते आणि तो पक्षी अणुव्रते घेतो. पुढे रावणाच्या घावांनी तो कोसळतो तेव्हा राम त्याच्या कानात पंचनमस्कार मंत्र सांगतो आणि तो देवगतीला जातो. त्याच पुराणात, या प्रसंगाच्या थोडे आधी, कुलभूषण व देशभूषण या मुनिराजांवरील उपसर्ग रामाने दूर केल्याची कथा आहे. आपण ज्या कुंथलगिरीला वंदनेसाठी जातो ते या मुनिद्वयाचे निर्वाणक्षेत्र येडशीच्या वायव्येला, याच जिल्ह्यातील भूम तालुक्यात आहे. पुराणाचा भूगोल आजच्या नकाशावर तंतोतंत बसवू नये, हे मला समजते. तरीही या दोन स्थळांमधून मोटारीने जाताना या दोन कथा पाठोपाठ आठवतात.

रामलिंगाच्या आख्यायिकेत मला सर्वांत अधिक मोलाचे वाटते ते पाणी. बाणाने झरा निघाला की नाही हा श्रद्धेचा विषय. परंतु जखमी तिर्यंचापाशी कोणीतरी वेळेत पोहोचले आणि त्याच्या तोंडाला पाणी लावले, हे त्या कथेचे हृदय आहे. येडशीत राहून तेरा वर्षे एक कुत्रा सांभाळला, तेव्हा या 'वेळेत पोहोचणे' शब्दांचा अर्थ किलोमीटरमध्ये कळला.

येथून धाराशिव २० किलोमीटर, बार्शी सुमारे ३०, लातूर ६०, सोलापूर ९० च्या आसपास. उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, पण ते लातूरच्याही बरेच पुढे. दिवसा ही अंतरे काहीच वाटत नाहीत. रात्री अकरा वाजता मागच्या आसनावर एक जीव धापा टाकीत असेल तर प्रत्येक गतिरोधक मोजला जातो.

पशुवैद्यक आपल्या ग्रामीण भागात नाहीत असे मुळीच नाही. माझी बँकेतील बरीच नोकरी याच पट्ट्यातील शाखांमध्ये झाली. संकरित गायी-म्हशींसाठी कर्जे द्यायची, विमा उतरवायचा, जनावराच्या कानात बिल्ला मारून घ्यायचा. आणि जनावर दगावले की विम्याच्या दाव्याला पशुवैद्यकाचे शवविच्छेदनाचे प्रमाणपत्र जोडायचे. त्यामुळे या भागातील पशुवैद्यक मला परिचित झाले ते बहुधा जनावर गेल्यानंतरच्या कागदांवरून. माणसे कष्टाळू होती. चिखल तुडवीत गोठ्यात जाऊन अडलेली गाय सोडविणारे डॉक्टर मी पाहिले आहेत. परंतु सारी व्यवस्था उभी आहे ती दुभत्या आणि ओढकाम करणाऱ्या जनावरांसाठी, आणि शेतकऱ्याचे पोट त्यांच्यावर असल्याने ते योग्यही आहे. १९६२ या निःशुल्क क्रमांकावर दूरध्वनी केल्यास फिरते पशुचिकित्सा पथक दारी येण्याची सोय आता झाली आहे, तीही मुख्यतः पशुपालकांना डोळ्यांपुढे ठेवून. कुत्र्याला आमच्या कर्जाच्या नमुन्यात रकाना नव्हता. गावच्या दवाखान्यात त्याला लस मिळते, जखम शिवून मिळते. मात्र मध्यरात्री त्याचे रक्त तपासून देणारी जागा शहरातच शोधावी लागते.

रानाच्या कडेला राहणाऱ्या कुत्र्यावर संकटेही शहरातल्यापेक्षा वेगळी येतात. रामलिंग घाटाचे सुमारे २२ चौरस किलोमीटरचे रान १९९७ पासून अभयारण्य आहे. त्यात लांडगे, कोल्हे, तरस, रानडुकरे आहेत. २०२४ च्या डिसेंबरात तर विदर्भातील टिपेश्वरहून शेकडो किलोमीटर चालत आलेला एक वाघ येथील कॅमेऱ्यात दिसला आणि काही आठवडे गावोगाव कुत्री संध्याकाळीच घरात घेतली जाऊ लागली. पण वाघाची बातमी होते. विषारी साप, महामार्गावरील वाहने, फवारणीचे औषध आणि गोचिडांचा ताप यांची होत नाही. कुत्री जातात ती बहुधा या चौघांमुळे.

आमच्या घरी 'मोती' नावाचा गावठी कुत्रा होता. श्रावणातील एका रात्री साडेनऊच्या सुमारास कडब्याच्या गंजीपाशी तो केकाटला. शेतावरचा गडी बॅटरी घेऊन धावला. जाडजूड अंग, पाठीवर साखळीसारखे ठिपके आणि कुकरच्या शिटीसारखा फूत्कार. घोणस होती यात शंका नव्हती. गड्याने काठी उचलली, ती सौभाग्यवतींनी खाली ठेवायला लावली. साप मारून डॉक्टरांकडे नेण्याची गरज नसते, त्याचे वर्णन पुरते. आणि रान तिचेही होतेच. घोणस ओढ्याच्या दिशेने निघून गेली. तोवर मोतीच्या नाकपुडीशेजारी दोन लालसर ठिपके दिसू लागले होते आणि जबडा सुजत चालला होता.

जवळच्या एका शहरातील खासगी दवाखान्यात दूरध्वनी लावला. "कुत्र्याचे रात्री पाहत नाही, सकाळी आणा," असे उत्तर मिळाले. सांगणाऱ्याचीही काही अडचण असेल, परंतु घोणसचे विष सकाळपर्यंत थांबत नाही. दुसरा क्रमांक लातूरच्या एका डॉक्टरांचा होता. त्यांनी सर्व ऐकून शांतपणे सांगितले, "काका, जखम कापू नका, वर दोरी बांधू नका, काही पाजू नका. त्याला चालू देऊ नका, चादरीत उचलून ठेवा आणि निघा. मी औषधाची जुळवाजुळव करतो."

ढोकी, मुरूड, लातूर. हा रस्ता मी नोकरीत शेकडो वेळा केला होता, पण तो इतका लांब कधीच वाटला नव्हता. सौभाग्यवतींचा चौविहार असल्याने त्यांना सूर्यास्तानंतर पाणीही वर्ज्य. मागच्या आसनावर मोतीचे डोके मांडीवर घेऊन त्या णमोकार मंत्र म्हणत होत्या आणि अधूनमधून त्याचा ओठ उचलून हिरड्यांचा रंग मला सांगत होत्या. निरोगी कुत्र्याची हिरडी गुलाबी असते. बोटाने दाबली तर पांढरी पडते आणि दोन सेकंदांच्या आत पुन्हा रंग धरते. हे आम्हाला आमच्या गावच्या पशुवैद्यकांनी पूर्वीच शिकविले होते. मुरूडच्या पुढे रंग परत यायला वेळ लागू लागला.

सव्वाअकराला पोहोचलो. डॉक्टरांनी पहिली गोष्ट केली ती अगदी साधी. थोडे रक्त काढून कोरड्या काचेच्या नळीत घेतले आणि ती नळी न हलविता वीस मिनिटे उभी ठेवली. घोणसचे विष रक्ताची गोठण्याची शक्ती हिरावून घेते. वीस मिनिटांनी नळी तिरपी केल्यावर रक्त पाण्यासारखे वाहिले तर विष अंगात भिनले असे समजायचे. माणसांच्या रुग्णालयांतही हीच चाचणी करतात. तिला यंत्र लागत नाही. लागते ते घड्याळ. त्या वीस मिनिटांत मी भिंतीवरील लसीकरणाचा तक्ता तीनदा वाचून काढला.

रक्त वाहिले. मग शिरेतून प्रतिविष सुरू झाले. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सर्पांवर चालणारे हे औषध माणसांसाठीच तयार होते आणि पशुवैद्यक तेच वापरतात. एक गोष्ट मला तेथे प्रथमच कळली. इतर औषधांप्रमाणे याची मात्रा रुग्णाच्या वजनावर ठरत नाही. ती सर्पाने सोडलेल्या विषावर ठरते, आणि विष मोठ्या माणसाला तितकेच सोडले जाते जितके लहान कुत्र्याला. त्यामुळे वीस किलोच्या मोतीलाही बाटल्यांमागून बाटल्या लागल्या. औषधाचीच तीव्र प्रतिक्रिया येऊ शकते म्हणून दुसरे एक इंजेक्शन भरून हाताशी ठेवलेले होते. शेजारच्या गल्लीतील चोवीस तास उघड्या औषधाच्या दुकानात मी दोनदा जाऊन आलो. त्या रात्री माझ्या निवृत्तिवेतनाचा लक्षणीय भाग खर्ची पडला, आणि तो खर्चाच्या वहीत मी 'औषधदान' या सदराखाली लिहिला. आहार, औषध, शास्त्र आणि अभय या चार दानांत पात्रापात्र विचार पुष्कळ सांगितला आहे. पण करुणादानाला तो विचार आड येत नाही, असेच मी आमच्या पंडितजींकडून ऐकत आलो आहे.

पहाटे दुसऱ्या नळीतील रक्त गोठले. सकाळी सूर्योदयानंतर सौभाग्यवतींनी पाणी घेतले, आणि भोपळ्याएवढे तोंड झालेल्या मोतीला घेऊन आम्ही येडशीला परतलो.

या रात्रीने गावात आमची थोडी ख्याती झाली. लोक अवेळी विचारायला येऊ लागले आणि त्यातून घरात एक वही तयार झाली. डॉक्टरांचे क्रमांक तिच्यात आहेतच. पण कोण रात्री दूरध्वनी उचलतो, कोणाकडे सलाइनची सोय आहे, कोणाकडे रक्त तपासण्याचे यंत्र आहे, कोणत्या वारी कोण परगावी असतो, हेही लिहिलेले आहे. शनिवारी संध्याकाळी ही वही उघडून आम्ही एक-दोन क्रमांक पडताळीत असू. मोतीचे वजन, लसींच्या तारखा आणि चालू औषधे तिच्या पहिल्या पानावर असत, कारण मध्यरात्री डॉक्टर हेच विचारतात आणि घाबरलेल्या माणसाला हेच आठवत नाही. मोटारीत निम्म्याहून अधिक इंधन ठेवण्याचा नियमही तेव्हापासूनचा.

वेदनेत असलेला कुत्रा आपल्या माणसालाही चावतो. त्यात त्याचा दोष नसतो. मऊ कापडाची पट्टी त्याच्या जबड्याभोवती गुंडाळून कानांमागे बांधली की उचलता येते. परंतु तो ओकत असेल किंवा त्याला श्वास लागला असेल तर तोंड मुळीच बांधू नये. मोटारीचा धक्का लागलेल्या कुत्र्याला हातांवर उचलण्यापेक्षा फळीवर किंवा ताणलेल्या चादरीवर सरकवावे. आणि ज्याच्या तोंडातून लाळ गळते आहे, ज्याचे वागणे एकाएकी बदलले आहे, त्याच्या तोंडात हात घालून 'काय अडकले आहे' ते पाहू नये. कीटकनाशकाने लाळ गळते तशी पिसाळण्यानेही गळते. दयाळू माणसाने आधी हातमोजे घालावेत. चावा किंवा ओरखडा झालाच तर साबणाने पंधरा मिनिटे वाहत्या पाण्याखाली धुऊन माणसाने स्वतःचे इंजेक्शन त्याच दिवशी घ्यावे, तेथे कसलाही संकोच नको.

कुत्र्याच्या अंगाचे तापमान आपल्याहून जास्त, १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असते. हे माहीत नसल्याने पुष्कळजण निरोगी कुत्र्याला तापाची गोळी देतात. माणसाच्या वेदनाशामक गोळ्यांनी कुत्र्याचे यकृत, जठर, मूत्रपिंड बिघडते. मोतीला दोनदा गोचिडाचा ताप येऊन गेला. दोन्ही वेळा हिरड्या पांढुरक्या झाल्या, तो जेवेनासा झाला, आणि दोन्ही वेळा दिवसाउजेडी धाराशिवलाच काम भागले, म्हणून त्याविषयी अधिक लिहीत नाही. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्तपेशींना घातक असतात, हे एका डॉक्टरांनी सांगितले तेव्हा सौभाग्यवतींच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसले ते वर्णन करता येणार नाही. मात्र द्राक्षे आणि मनुकाही त्याच्या मूत्रपिंडाला धोकादायक असतात, आणि मनुका आपल्या घरात असतातच. प्रभावनेच्या पुड्या तेव्हापासून उंच फडताळात गेल्या.

जैन घरात कुत्रा असावा काय, हा प्रश्न मला अनेकांनी विचारला आहे. आक्षेप खोटे नाहीत. पाळलेला प्राणी हा परिग्रह आहे. मांसाहारी प्राण्याच्या पोषणात हिंसेचा दोष येतो, म्हणून शास्त्रकारांनी असे प्राणी हौसेने पाळू नयेत असे सांगितले आहे. मोती हौसेने आणलेला नव्हता. महामार्गावर आईला वाहनाने उडविल्यावर उरलेले ते पिल्लू होते. तो भाकरी-दूध, वरण-भात, पनीर यांवर तेरा वर्षे जगला. आजारानंतर 'अंडे द्या, सूप द्या' असे प्रत्येक डॉक्टर सांगत. आमचा नियम सांगितल्यावर त्यांपैकी एकाही डॉक्टरांनी वाद घातला नाही. डाळ, सोयाबीन आणि पनीर यांचे प्रमाण लिहून दिले.

या विषयात आपल्या समाजाचा इतिहासही विसरण्याजोगा नाही. १८३२ साली मुंबईत सरकारने भटकी कुत्री मारण्याचा हुकूम काढला तेव्हा शहरात दंगा झाला, पारशी बांधव त्यात पुढे होते. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, सर जमशेटजी जीजीभाई आणि आपले श्रेष्ठी मोतीशा यांच्या पुढाकाराने मुंबईची पांजरापोळ उभी राहिली. आपल्या दानशूरांच्या याद्यांत मंदिरे ठळक येतात, पांजरापोळी शेवटी. तो क्रम बदलावा असे मला वाटते.

आता थोडे अवघड लिहायचे आहे.

मोती बारा-तेरा वर्षांचा झाला आणि त्याची मूत्रपिंडे थकली. घोणसच्या विषाने ती पूर्वीच दुबळी झाली असावीत, असे डॉक्टरांचे मत पडले. तोंडाला उग्र वास, ओकाऱ्या, जिभेवर व्रण, खाण्यावरची वासना गेलेली. चार महिन्यांत आमच्या पाच धावपळी झाल्या, तीन रात्रीच्या. सलाइन दिले की दोन-तीन आठवडे तो माणसांत येई, मग पुन्हा खाली जाई. पाचव्या वेळी डॉक्टरांनी तपासणीचा कागद माझ्यापुढे ठेवला आणि हलक्या आवाजात म्हणाले, "काका, आता हे वाढतच जाणार. तुमची इच्छा असेल तर झोपेचे इंजेक्शन देता येईल. त्याला काही कळणार नाही."

मुलगी पुण्याहून दूरध्वनीवर होती. ती रडत म्हणाली, "अण्णा, तुम्ही त्याला आणखी किती सोसायला लावणार? हीच तुमची अहिंसा का?" तिचा प्रश्न मी आजही बाजूला सारीत नाही. दुसरीकडे समाजातीलच एक वडीलधारे गृहस्थ, अत्यंत सज्जन, मला म्हणाले, "औषधही नको, पाणीही नको. त्याला समाधिमरण घडू द्या. आपले क्षेत्र इतके जवळ आहे."

कुंथलगिरीचा उल्लेख त्यांनी सहज केला नव्हता. चारित्रचक्रवर्ती आचार्य शांतिसागर महाराजांनी तेथेच सल्लेखना घेतली आणि १८ सप्टेंबर १९५५ रोजी, ३६ व्या दिवशी देह ठेवला. आमच्या आईने त्या दिवसांत तेथे जाऊन दर्शन घेतले होते. परंतु त्या प्रसंगाचे सारे तेज एकाच गोष्टीत आहे; ते व्रत महाराजांनी स्वतः, पूर्ण भानावर, घेतले होते. २०१५ च्या ऑगस्टमध्ये राजस्थान उच्च न्यायालयाने संथाऱ्याला आत्महत्या ठरविले, आणि त्याच महिन्याअखेर सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयास स्थगिती दिली. तेव्हा आपण सर्वांनी हाच युक्तिवाद केला की हे स्वेच्छेचे व्रत आहे, कोणी कोणावर लादलेले नाही. मग मोतीचे व्रत मी कसे घ्यावे? तो पाण्याच्या वाटीकडे पाहत असताना ती काढून घेणे याला समाधिमरण म्हणता येत नाही. त्याला आपल्या शास्त्रात अन्नपाननिरोध म्हणतात आणि तो अहिंसाणुव्रताच्या पाच अतिचारांपैकी एक आहे. त्या गृहस्थांना मी हे नम्रपणे सांगितले. त्यांनी विचार करून मान हलविली.

इंजेक्शनाविषयी माझा युक्तिवाद असा चोख नाही. संज्ञी पंचेंद्रिय जीवाचा प्राण बुद्धिपुरस्सर घेणे मला शक्य नव्हते, आणि त्याची वेदना पाहत बसणेही शक्य नव्हते. म्हणून डॉक्टरांना मी उलट विचारले, "मरण नको; पण वेदना थांबवता येतील काय?" ते थोडे थांबले. मग त्यांनी कागद ओढला आणि लिहू लागले: वेदनेसाठी हे, ओकारी थांबण्यासाठी हे, तोंडातील व्रणांना हे लावा, कातडीखाली सलाइन असे द्या. सुई कशी धरायची ते त्यांनी सौभाग्यवतींना तेथेच दाखविले. "दूरध्वनी कधीही करा. आता त्याला इतक्या लांब आणू नका," असेही म्हणाले. या व्यवस्थेने त्याची वेदना आवाक्यात राहिली, म्हणून माझा निर्णय टिकला. ज्या कुटुंबाला असे औषध, असे डॉक्टर मिळाले नाहीत आणि ज्यांनी दुसरा मार्ग पत्करला, त्यांच्यावर बोट ठेवण्याचा अधिकार मला वाटत नाही. मुलगी रात्रीच्या बसने आली. माझे म्हणणे तिला पटले नाही, पण सलाइनची बाटली तिनेच धरली.

तीन दिवस मोती ओसरीवर होता. पाणी मागे तेव्हा पाणी, चमच्याने. जीवंधरकुमाराची कथा आपण मुलांना सांगतो. यज्ञाची सामग्री शिवली म्हणून लोकांनी मारून टाकलेल्या कुत्र्याजवळ तो राजपुत्र बसतो, वाचविण्यासारखे काही उरले नाही असे पाहून त्याच्या कानात णमोकार मंत्र म्हणतो, आणि ते कुत्रे सुदर्शन यक्ष होते. यक्षाचा भाग मुलांना आवडतो. आम्ही त्या तीन दिवसांत कथेचा आधीचा भाग करीत होतो. मंत्र सौभाग्यवती म्हणत, कधी मुलगी म्हणे. चौथ्या पहाटे पाचच्या सुमारास त्याने एक लांब श्वास घेतला आणि पुढचा घेतला नाही. शेताच्या बांधावर, कडुनिंबाखाली, खोल खड्ड्यात त्याला ठेवले.

आता आमच्याकडे कुत्रा नाही. वही मात्र ओसरीतच टांगलेली असते आणि शनिवारी तिच्यातील क्रमांक अजूनही पडताळले जातात. गेल्या मार्गशीर्षात रात्री साडेदहाला एका धनगर तरुणाने दार वाजविले. महामार्ग ओलांडताना त्याच्या कुत्र्याला मालमोटारीने उडविले होते. घोंगडीत गुंडाळून त्याने त्याला तीन किलोमीटर चालत आणले होते. "अण्णा, डाक्तर कुठला गाठावा?" त्याने विचारले. वहीत पाहिले तर धाराशिवचे डॉक्टर त्या वारी परगावी. बार्शीचे उचलतात असे लिहिलेले होते, त्यांनी उचलला. जुन्या फळीवर त्या कुत्र्याला बांधले आणि पांगरीच्या रस्त्याला लागलो. तरुण मागे बसून त्याच्याशी सारखा काही तरी बोलत होता. मला वाऱ्यात ऐकू आले नाही.

त्याचा मागचा डावा पाय वाचला नाही. तीन पायांवर तो आता मेंढ्यांच्या मागे रामलिंगाच्या माळावर हिंडतो, आणि मोटार दिसली की रस्त्याच्या बाजूला होऊन उभा राहतो.